पुण्याकडं पाठ करून

भाड्याची खोली बघायला गेलं की मालक साधारणपणे नोकरी विचारतो, लग्न झालंय का विचारतो, आणि मग घसा खाकरून मटण-मच्छी शिजवणार का तेही विचारतो. नगरला स्टेशन रोडच्या एका बोळात मी खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते शिडीवर उभे राहून एका पाटीला पिवळा रंग देत होते. तिथूनच त्यांनी मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "गाडीत बसताना इंजिनाकडं तोंड करता का पाठ?"

मी औषध कंपनीचा फिरता विक्रेता. डॉक्टर लोकांच्या लहरी सांभाळून माझी जीभ चांगली मऊ झालेली होती. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

ते शिडीवरून उतरले, ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यानंतर मी त्या घरात इतकी वर्षं राहिलो की कंपनीनं माझी बदली केली तेव्हा मला कंपनी बदलावीशी वाटली.

सगळं नगर त्यांना पेंटर म्हणायचं. मी पेंटरकाका म्हणायचो. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा आणि रेल्वे हे त्यांचं वेड, पण दोन्ही एकमेकांपासून वेगळं ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, तीही स्टेशनवरच्या पाटीसारखी जाड आणि शिस्तीत उभी. आमच्या भागातलं सलून, पंक्चरचं दुकान, पिठाची गिरणी, सगळी लांबून स्टेशनंच वाटायची. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायचे. गिरणीवाल्यानं एकदा तक्रार केली की लोक दळण ठेवतात आणि ही कसली किंमत म्हणून विचारतात. पेंटरकाकांनी त्याला शांतपणे समजावलं की ज्या जागेची उंची माहीत नाही ती जागा सापडली तरी हरवल्यातच जमा. गिरणीवाल्यानं गिरणी चालू केली. सलूनवाला मात्र खूश होता. गिऱ्हाईकाच्या गालाला साबण लावता लावता तो सांगायचा की त्याचं दुकान शेजारच्यापेक्षा उंच आहे, लिहिलंय बघा.

घरातल्या खोल्यांना त्यांनी डबे केलं होतं. मी राहायचो त्या खोलीच्या दारावर "सामान्य" असं लिहिलेलं. स्वयंपाकघरावर "भोजनयान". आणि अंगणातल्या संडासाच्या दारावर आतल्या बाजूनं मोठ्या अक्षरांत सूचना होती: गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये. माझे वडील एकदा गावाहून आले होते. सकाळी आत गेले, वाचलं आणि तसेच बाहेर आले. मला हळूच विचारलं, "गाडी कधी हलती रे?"

मी औषधांची बॅग घेऊन जिल्हाभर एसटीनं हिंडायचो, हे काकांना माझं व्यसन वाटायचं. मी कर्जतला निघालो की त्यांचा चेहरा पडायचा. कर्जतला रेल्वे नाही, हे त्यांचं जुनं दुःख. तेही चाललं असतं, पण मुंबईच्या वाटेवर दुसरं एक कर्जत आहे आणि त्याला चांगलं जंक्शन आहे, हे त्यांना सहन व्हायचं नाही. केडगावचंही तसंच. आमचं केडगाव पुणे रस्त्यावर, तिथं फक्त एसटीचा थांबा. आणि दौंडच्या पुढं एक केडगाव आहे, त्याला स्टेशन. "कर्जत त्यांचं, केडगाव त्यांचं, रेल्वेबी त्यांचीच," काका म्हणायचे. "आपल्याला नुसती नावं वाटून दिली."

रोज दुपारी ते स्टेशनवर गाडी उतरवून घ्यायला जायचे. कुणी पाहुणा येणार असायचा असं नाही. एवढ्या लांबून आलेल्या गाडीला समोर कुणीच नसेल तर तिला काय वाटेल, असा त्यांचा हिशेब होता. फलाटावर उभं राहायचं, डबे सरकताना मान हळूहळू वळवायची, शेवटचा डबा थांबला की "हं, बसा" असं पुटपुटायचं आणि घरी यायचं. बायकोनं विचारलं की आले का पाहुणे, की सांगायचं, "आले आणि गेलेबी."

ही त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू. उंच, सडसडीत, आवाज असा की भोजनयानातून हाक मारली तर सलूनवाल्याचा वस्तरा थांबायचा. काकूंना रेल्वेचं काडीचं प्रेम नव्हतं, नवऱ्याचं इंजिनपुराण त्या कानामागं टाकायच्या. त्यांचं म्हणणं, नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, तेव्हा गाड्या बघितल्या तर बघू द्या.

आता पुण्याचं सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथं आहे. नगरहून पुण्याला शहाणा माणूस एसटीनं जातो. माळीवाड्याच्या स्टँडवर बसायचं आणि पुण्यात उतरायचं. रेल्वेनं जायचं तर गाडी आधी दौंडला जाते. तिथं तोंड एकीकडं करून शिरते, मग पुढचं इंजिन सोडतात, मागच्या टोकाला जोडतात, आणि गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडून पुण्याचा रूळ धरते. एसटीच्या जवळजवळ दुप्पट वेळ. पेंटरकाकांना हीच तर मजा वाटायची. त्यांच्या मते मुंबई-पुण्याचे लोक दुर्दैवी होते. पुण्याहून मुंबईला सकाळी जाणाऱ्या, संध्याकाळी परतणाऱ्या चकचकीत गाड्या असतात, त्यात बसायचं आणि नाकासमोर जायचं. "सरळ जात्यात बिचारी," ते म्हणायचे.

म्हणून त्यांचा नियम असा की नगरहून निघताना उलटं बसायचं, इंजिनाकडं पाठ करून. लोक हसतात, हसू द्यायचं. दौंडपर्यंत तेच लोक ऐटीत पुढं बघत असतात. दौंडला इंजिन दुसऱ्या टोकाला गेलं की सगळा डबा उलटा होतो आणि आपण एकटे सुलटे. त्या क्षणी काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की जणू इंजिन त्यांच्या सांगण्यावरूनच फिरवलं.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न पुण्यात ठरलं आणि आमच्या बोळात खळबळ उडाली. कार्यालय पुणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, म्हणजे काकांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. वऱ्हाड रेल्वेनं जाणार. काकूंनी पाण्याचा हंडा जरा जोरातच खाली ठेवला. मुलीचे मामा, म्हणजे काकूंचे भाऊ, घोडेगावच्या बाजाराला जनावरांची ने-आण करणारा टेम्पो चालवायचे. त्यांनी सांगितलं की एसटी ठरवू, नाहीतर माझे दोन टेम्पो धुऊन आणतो. काका ऐकेनात.

त्यात नवरदेवाचे चुलते. हे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले, भोंग्यावर आयुष्य काढलेले आणि मुळातच या सोयरिकीवर नाखूश. सुपारीच्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ चाचपत बजावलं होतं की कार्यालयात आमच्यामागं दुसरं लग्न आहे, बौद्धाचार्यांनाही पुढं जायचंय, तुम्ही उशिरा आलात तर आम्ही मांडवात ताटकळणार नाही, पोराला घेऊन घरी जाऊ. काका त्यांना म्हणाले होते, "आपल्यात मुहूर्त बघत न्हाईत, म्हणून काय झालं? आपल्यात वेळापत्रक बघत्यात."

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड नगर स्टेशनवर जमलं. पांढरी साडी नेसलेली नवरी, रुखवताच्या ट्रंका, लाडवांचे डबे, जरीचा फेटा बांधलेले मामा. उत्तरेकडून जवानांना घेऊन येणारी लांबलचक गाडी आली. काका स्वतः डब्यात चढले आणि सगळ्यांना उलटं बसवायला लागले. बायका म्हणाल्या, मळमळतं. काका म्हणाले, दौंडपर्यंत. का, ते मात्र सांगेनात. "दौंडला गंमत दाखवतो," एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा एवढा प्रेक्षकवर्ग एका डब्यात सापडला होता. नाटकाचा शेवट आधीच सांगून टाकायला ते तयार नव्हते.

दौंड आलं. काकांनी मला खूण केली आणि पेढ्यांचा एक पुडा घेऊन आम्ही खाली उतरलो. गाडीच्या शेपटाला इंजिन जोडताना समोर हजर राहायचं हा त्यांचा रिवाज. मुलीच्या लग्नाच्या दिवशी तर चुकवणं शक्यच नव्हतं. आम्ही फलाटावरून चालत पार दुसऱ्या टोकाला गेलो. इंजिन हळूहळू मागं आलं, डब्याला टेकलं, खट्कन आवाज झाला. काकांनी रुमालानं डोळे टिपले आणि जोडणी करणाऱ्या माणसाला पेढा दिला. त्याचे हात ग्रीसनं काळे झालेले. त्यानं तोंड उघडलं, काकांनी स्वतःच्या हातानं भरवला. मग शिट्टी झाली आणि आम्ही जवळच्याच डब्यात चढलो. गाडी चालू झाल्यावर आतून डब्याडब्यांतून चालत वऱ्हाडात जायचं, सगळ्यांची तोंडं आता पुण्याकडं झालेली असणार, मग ती गंमत फोडायची, असा काकांचा बेत.

आम्ही सामान ओलांडत, जवानांचे बूट चुकवत आमच्या डब्यात पोचलो. आमची बाकं रिकामी होती. नवरी नाही, काकू नाहीत, ट्रंका नाहीत. खिडकीजवळच्या खुंटीला मामांचा फेटा तेवढा हलत होता.

समोर बसलेला एक जवान म्हणाला, "वो सब तो उतर गए, चाचा. बोल रहे थे गाड़ी वापस जा रही है।"

झालं होतं ते नंतर काकूंकडून कळलं. आम्ही गेल्यावर मामा पाय मोकळे करायला खाली उतरले. बघतात तर पुढचं इंजिन गायब. इकडंतिकडं पाहिलं तर इंजिन शेपटाला, ज्या बाजूनं गाडी आली त्या बाजूला. टेम्पोवाला माणूस, ज्या अंगाला इंजिन त्या अंगाला गाडी जाणार, यात त्यांना शंकाच नव्हती. खात्री करावी म्हणून त्यांनी चहावाल्याला विचारलं, "हे इंजन नगरच्या अंगाला लावलंय का?" चहावाला म्हणाला, "व्हय." खोटं काहीच बोलला नाही बिचारा. मामांनी डब्यात येऊन सांगितलं की गाडी माघारी निघाली, उतरा. आमचं वऱ्हाड असं भराभर उतरलं की लाडवाचा एक डबाही मागं राहिला नाही. पोरीचे वडील कुठं आहेत म्हणून कुणीतरी विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या की ते इंजिनापाशी असतील, गाडी गेली की येतील.

मी साखळीकडं हात नेला. काकांनी तो धरला. "ओढून काय करता?" ते म्हणाले. दौंड मागं पडलं होतं, बाहेर उसाची शेतं धावत होती. "गाडी थांबंल. वऱ्हाड थोडंच चालत येणार हाय?" मग खुंटीवरचा फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि पहिल्यांदाच, मी पाहिलं तेवढ्यात पहिल्यांदाच, समोर सुलटी जागा रिकामी असताना ते खिडकीतून बाहेर न बघता बसून राहिले. फेट्याची जर चाचपत म्हणाले, "मेव्हणा टेम्पो केल्याबिगर राहायचा न्हाई. पर तवर ती लोकं थांबत्याल का?"

पुणे स्टेशन म्हणजे तेव्हाही दुसरं गावच. लाल डगल्यातले हमाल, तीन भाषांतल्या घोषणा, पुलावर माणसांचा पूर. एका फलाटावर मुंबईची गाडी सुटायच्या तयारीत होती. एवढ्या संकटातही काकांनी तिला जाता जाता नमस्कार केला. मग आम्ही जवळजवळ पळतच कार्यालय गाठलं.

दारात चुलते उभे. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. काकांच्या काखेत फेटा, माझ्या हातात पेढ्यांचा फोडलेला पुडा.

"वऱ्हाड कुठंय?"

"दौंडला," काका म्हणाले.

"आन् तुमी?"

"मी वेळेवर आलो."

या उत्तराचा जो परिणाम व्हायचा तो झाला. बाप इथं आणि नवरी दौंडला, असं कुठं असतं का? बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पोरीला पसंत नसेल. कुणी म्हणालं, पळाली असेल, हा म्हातारा वेळ काढतोय. मांडवात पांढऱ्या कपड्यांत बसलेला नवरदेव उठून उभा राहिला. त्याचा चेहरा त्या कपड्यांच्या रंगाचा झाला होता. काकांनी इंजिनाचं सांगून पाहिलं. चुलते म्हणाले, "आमी जलमभर मुंबईला गाडीनं जातोय. आलेल्या वाटंनं गाडी माघारी जाती, आन् पुण्याला पोचती? कुणाला शिकवताय?" आणि त्यांनी पुतण्याला सांगितलं की पायात बूट घाल, निघू.

मला वाटलं काका आता त्यांचे पाय धरतील. काकांनी एक खुर्ची धरली.

कार्यालयातल्या त्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. काकांनी भराभर दोन रांगा लावल्या, मधे वाट ठेवली. "पाहुणे, लग्न मोडायचं तर मोडा," ते चुलत्यांना म्हणाले, "पर आधी एकदा गाडीत बसा. पटलं न्हाई तर मीच तुमाला रिक्षापत्तूर सोडतो." आवाजात असं काही होतं की समोरच्या रांगेत दोन म्हाताऱ्या येऊन बसल्या. मग पोरं बसली. मग बाकीचे. इंजिन कोण? काकांनी नवरदेवाला हाताला धरून रांगेच्या पुढं उभं केलं. तो बिचारा लग्न वाचतंय म्हटल्यावर इंजिनच काय, रूळही झाला असता. "हे व्यासपीठ म्हंजे सोलापूर," काका म्हणाले. "दारापल्याड नगर. चला, खुर्च्या उचला."

सगळ्या पाहुण्यांनी बसल्या बसल्या खुर्च्या बुडाला धरल्या आणि व्यासपीठाकडं सरकत निघाले. नवरदेवानं तोंडानं भोंगा दिला. तो इतका हुबेहूब होता की स्वयंपाकी बाहेर आले. दौंड आलं. काकांनी इंजिन सोडलं, हाताला धरून स्वयंपाकघरातून वळसा घालून नेलं आणि मागच्या टोकाला आणून लावलं. "आता खरं सांगा," त्यांनी चुलत्यांना विचारलं. "तुमी नगरचे हाय. पहिल्यांदा गाडीत बसलाय. इंजिन कुणीकडं लागलं?"

चुलते पहिल्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. घड्याळाकडं पाहिलं. पुन्हा मागं पाहिलं. "नगरच्या अंगाला," ते म्हणाले.

"मग तुमी उतरला असता का न्हाई?"

माणूस नाखूश होता, पण लबाड नव्हता. "उतरलो असतो," ते म्हणाले.

तिथून पुढं सगळं काकांच्या हातात राहिलं नाही. मागच्या रांगेतल्यांना नीट दिसलं नव्हतं. त्यांनी पुन्हा दाखवा म्हटलं. बायका म्हणाल्या, आता आम्ही पुढं बसणार. बौद्धाचार्यांनी पुढच्या लग्नाला निरोप पाठवला आणि खिडकीजवळची जागा मागितली. आमच्यामागून ज्यांचं लग्न होतं त्यांची माणसं दारात भांडायला आली आणि उभ्यानंच बघत राहिली. चुलत्यांनी मात्र आता खुर्चीवर बसायला नकार दिला. त्यांच्या लक्षात आलं होतं की गाडीला गार्ड नाही. त्यांनी आहेराच्या ढिगातून एक हिरवा खण ओढून काढला, शेवटी जाऊन उभे राहिले आणि पोरांना दटावलं की मी खण दाखवल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मागचा फळका पडला. पहिल्यांदा मामा आले, बोडक्या डोक्यानं. मग ट्रंका. मग नवरी, तिच्या केसांतल्या गजऱ्यात कडब्याची एक काडी अडकली होती आणि रडून रडून नाक लाल झालं होतं. आणि सगळ्यांना मागं टाकून पुढं आल्या त्या काकू. वाटभर त्यांनी ठरवलं होतं की दारातच चुलत्यांचे पाय धरायचे आणि नंतर नवऱ्याचं काय करायचं ते बघायचं.

त्या दारात आल्या आणि थबकल्या. सगळं कार्यालय दोन रांगांत बसलेलं, बौद्धाचार्य खिडकीशी, आणि नवरदेव भोंगा देत स्वयंपाकघरातून बाहेर येत होता, मागून त्यांचा नवरा त्याच्या कमरेला धरून. नवरीनं ते पाहिलं आणि ओल्या नाकानंच हसायला लागली. नवरदेवाचा भोंगा मधेच तुटला.

काकूंनी हात जोडले. "दादा," त्या चुलत्यांना म्हणाल्या, "चूक आमची हाय. लई उशीर झाला."

चुलत्यांनी सवयीनं मनगट वळवलं, पण त्या हातात खण होता. तो खाली न घेता ते म्हणाले, "कुणाला उशीर झाला? जरा दम धरा, वहिनी. आमचीच गाडी अजून दौंडला उभी हाय."